तबकडी आपल्याकडे, माणूस कुठं? जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि जिथं जिथं म्हणून माळ्यावर लाखेच्या रेकॉर्डी आहेत, तिथल्या समस्त संग्राहक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. घरात पाहुण्याला झोपायला जागा नाही, पण रेकॉर्डींना दोन कपाटं आणि अख्खा माळा आहे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात उकिडवं बसून ढीग उपसायचा, रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून चरे बघायचे, आवडलेला माल नावडल्यासारखा बाजूला ठेवून मग भाव विचारायचा, हे सगळं मीही तीस वर्षं करतोय. तेव्हा पुढं जे लिहिणार आहे त्यातली पहिली चपराक माझ्याच गालावर आहे, हे आधी सांगून ठेवतो.

मागच्या एका बैठकीत आपल्यापैकी एकांनी एक लावणी लावली. तीन मिनिटं कुणी पापणी हलवली नाही. सुई उचलल्यावर चर्चा सुरू झाली: लेबलाचा रंग, छाप कितवा, मागच्या बाजूला तडा आहे म्हणून किंमत किती उतरेल. मी मागून विचारलं, "या बाईंचं पुढं काय झालं?" खोली जरा गप्प झाली. मग एका जाणकारांनी अगदी मनापासून मला त्या रेकॉर्डचा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे लेबलाजवळ कोरलेला कंपनीचा मुद्रण-क्रमांक, सांगितला. मीही तो वहीत उतरवून घेतला! घरी आल्यावर वही उघडली, तो आकडा बघितला आणि लाज वाटली. हे पत्र त्या रात्री सुरू केलं.

आता मी तुम्हाला एका गुराख्याची गोष्ट सांगणार आहे. आपल्याकडची नाही, पार अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली. लावणीवाल्यांना ब्लूज कशाला ऐकवतोस, असं म्हणाल. थोडं थांबा. या माणसाला शोधून काढलं ते आपल्याच जातकुळीच्या लोकांनी. एक जुनी रेकॉर्ड कान देऊन ऐकली म्हणून.

त्याचं नाव जॉन स्मिथ हर्ट. जन्म १८९२ की १८९३, यावर अजून वाद आहे. आपल्याकडच्या आज्या-पणज्यांचा असतो तसाच. कॅरल काउंटीत टेकड्या संपतात आणि डेल्टाचं सपाट कापसाचं रान सुरू होतं, त्या काठावर अ‍ॅव्हलॉन नावाची वस्ती आहे. तिथं तो लहानाचा मोठा झाला. एक दुकान, थोडी घरं, बाकी शेत. घरी मुक्कामाला येणारा विल्यम कार्सन नावाचा एक गडी गिटार वाजवायचा. तो झोपला की पोरगं हळूच ती गिटार घ्यायचं. पुढं आईनं दीड डॉलरला जुनी गिटार घेऊन दिली. गुरू नाही, क्लास नाही. स्वतःच्या कानाला जे बरोबर वाटलं तेच बोटात बसलं.

आणि बसलं ते काय बसलं! माझा भाचा ९४ साली अमेरिकेहून आला तेव्हा त्यानं एक कॅसेट आणली होती. ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं, घसा फाडून काढलेलं दुःख, अशी माझी समजूत. ही कॅसेट लावली तर एक म्हातारा जणू उंबऱ्यावर बसून, शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात गात होता. गिटारी दोन वाजतायत असं वाटलं. भाचा हसला, म्हणाला, मामा, एकच आहे. मग त्यानं स्वतःची गिटार काढून मला हात दाखवला. अनामिका आणि करंगळी गिटारीच्या पोटावर टेकवलेली, हलत नाहीत. अंगठा एकटा खालच्या सुराच्या तारांवर आलटून-पालटून पडतो, धम्-तक् धम्-तक्, गाणं संपेपर्यंत चुकत नाही. वरची चाल मधल्या दोन बोटांनी काढायची, आणि ती बोटं अंगठ्याची पर्वा करत नाहीत. कधी त्याच्या आधी, कधी नंतर, कधी दोन ठोक्यांच्या फटीत. मला लगेच आजीचं जातं आठवलं. खुंटा धरलेला हात एका लयीत फिरतोय, पीठ पडतंय, आणि ओवी मात्र मनाला येईल तिथं थांबते, लांबते, पुन्हा धावते. हात राबतो आणि गळा मोकळा असतो. जॉन हर्टनं हे दोन्ही एका पंजात बसवलं होतं. भाच्याला आठ महिने सराव करून अंगठा सांभाळता येत होता, पण अंगठा सांभाळला की गाणं सुटायचं.

या माणसानं गाण्यावर पोट भरलं नाही. शेतमजुरी केली. १९१६ च्या सुमाराला काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम केलं आणि तिथल्या एका गड्याकडून घण मारणाऱ्या मजुराचं गाणं शिकला. शनिवारी रात्री नाचाला वाजवायचं, काळ्यांकडेही आणि गोऱ्यांकडेही. विली नार्मर नावाचा एक गोरा फिडल वाजवणारा गावाजवळच राहायचा. त्याचा साथीदार नसला की हर्टला बोलवायचा. ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस नार्मरच्या कामासाठी आला तेव्हा नार्मरनंच सांगितलं, इथं एक जण आहे, त्याला ऐका.

१४ फेब्रुवारी १९२८, मेम्फिस. हर्टनं पुढं म्हातारपणी ते ध्वनिमुद्रण वर्णन करून सांगितलं आहे. भलामोठा हॉल आणि त्यात माणसं तीन: तो, कंपनीचा माणूस आणि यंत्रावरचा इंजिनिअर. त्याला खुर्चीवर बसवून मायक्रोफोन तोंडाशी आणला. एकदा जागा जमल्यावर सांगितलं, आता डोकं हलवायचं नाही. बिचाऱ्याची मान पुढं कितीतरी दिवस दुखत होती. आठ गाणी म्हटली, बाजारात आली दोन. कंपनीनं नावाच्या आधी 'मिसिसिपी' चिकटवलं, खप वाढावा म्हणून. हे आपल्याला नवीन नाही. जोहराबाई आग्रेवाली, जानकीबाई अलाहाबादवाली! गाव जोडलं की माल ओळखू येतो.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. अ‍ॅव्हलॉनचा माणूस न्यूयॉर्कच्या थंडीत. लॉनी जॉन्सन हा तेव्हाचा नावाजलेला गिटारवाला तिथं भेटला आणि त्यानं याला जरा सांभाळून घेतलं, तरी मन रमेना. घरच्या आठवणीत त्यानं एक गाणं रचलं आणि २१ डिसेंबरला तिथंच म्हणून टाकलं: अ‍ॅव्हलॉन माझं गाव, ते सारखं मनात घोळतंय, असा त्याचा आशय. नाव 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'.

हे ध्यानात ठेवा. नाचाच्या जागी वाजवणारा एक शेतमजूर, तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर, स्वतःचा पत्ता सांगून गेला.

रेकॉर्डी खपल्या नाहीत. पुढच्या वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली, बोलावणं आलं नाही. तो पुन्हा शेतावर गेला. पोरं वाढवली, गुरं राखली, रात्री आणि शनिवारी वाजवत राहिला. पस्तीस वर्षं! या पस्तीस वर्षांबद्दल लिहिणारे 'तो विस्मृतीत गेला' असं लिहितात. मला हे वाक्य वाचलं की राग येतो. कुणाच्या विस्मृतीत? अ‍ॅव्हलॉनला तो रोज दिसत होता.

१९५२ मध्ये फोकवेज कंपनीनं हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाच्या जुन्या रेकॉर्डींतून निवडलेल्या ८४ गाण्यांचा संच काढला. त्यात हर्टची दोन होती. शहरातली कॉलेजची पोरं ती ऐकून वेडी झाली. गाणारा मेला असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. रेकॉर्ड जुनी म्हणजे माणूस गेलेला, हा हिशेब आपणही रोज करतो, नाही का?

मग वॉशिंग्टनच्या डिक स्पॉट्सवुड या संग्राहकाकडे 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'ची टेप आली. त्यानं आणि त्याच्या टॉम हॉस्किन्स या मित्रानं नकाशे काढले. चालू नकाशात मिसिसिपीत अ‍ॅव्हलॉन सापडेना. एका जुन्या, १८७८ च्या नकाशात सापडलं, ग्रीनवूड आणि ग्रेनेडा यांच्या मधोमध एक ठिपका. मार्च १९६३ मध्ये हॉस्किन्स गाडी काढून तिथं पोचला. गावातल्या दुकानात विचारलं, जॉन हर्ट नावाच्या माणसाबद्दल काही माहीत आहे का? दुकानातल्यांनी शांतपणे सांगितलं की वर टेकडीकडं जा, तिसरी टपालपेटी. सकाळी टपाल न्यायला आला होता, त्यानंतर कुठं गेला नसेल तर घरीच असेल.

तिसरी टपालपेटी. साऱ्या अमेरिकेतले संग्राहक ज्याला 'हरवलेला' म्हणत होते त्याचं टपाल रोज येत होतं.

पुढचा भाग सांगताना बरेच जण गोड करून सांगतात. मी तसा सांगणार नाही. हॉस्किन्स दाराशी आला तेव्हा हर्ट आनंदला नाही, घाबरला. त्याला वाटलं हा पोलिसांचा नाहीतर एफबीआयचा माणूस. आपल्या हातून काय चुकलं? बाहेरगावची गाडी, अनोळखी गोरा तरुण, आणि वर्ष १९६३. अ‍ॅव्हलॉनच्या जवळच मनी नावाचं खेडं आहे. आठ वर्षांपूर्वी तिथूनच चौदा वर्षांच्या एमेट टिलला घरातून उचलून नेऊन मारलं होतं, एका गोऱ्या बाईशी बोलला म्हणून. आणि त्याच मार्चमध्ये, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ग्रीनवूडला, मतदार म्हणून नाव नोंदवायला निघालेल्या काळ्या लोकांवर पोलीस कुत्रे सोडत होते. तेव्हा भीती अगदी शहाणी होती. वॉशिंग्टनला चला म्हटल्यावर तो हो म्हणाला. का? नाही म्हटलं तरी हे लोक नेणारच, असं त्याला वाटलं. हे त्यानं स्वतःच पुढं सांगितलं.

ज्या क्षणाला आपण 'शोध' म्हणतो तो दाराच्या आतल्या बाजूनं असा दिसत होता.

त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सनं आपली पुढं केली. बोटं आखडलेली, पण अंगठा अंगठाच होता.

त्यानंतरची तीन वर्षं मात्र नवलाची. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो माणसांसमोर हा सत्तरीचा गुराखी टोपी घालून खुर्चीवर बसला आणि अ‍ॅव्हलॉनच्या पडवीत गावं तसं गायला. मैदान शांत झालं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयानं त्याला ध्वनिमुद्रित केलं. वॉशिंग्टनच्या कॉफीहाउसात तो रात्री वाजवायचा, कॉलेजांत जायचा, पीट सीगर या लोकगायकाच्या टीव्ही कार्यक्रमात दिसला. तो कार्यक्रम मिळाला तर बघा. सगळे बोलतायत आणि हा टोपीखालून सगळ्यांकडे असा बघतोय की जणू तोच यजमान. मोठ्या कंपनीनं रेकॉर्डी काढल्या. त्यातली एक १९६६ ची, नाव 'टुडे'. पस्तीस वर्षांमागचं गाणं म्हणणाऱ्याच्या रेकॉर्डला नाव 'आज'! महोत्सवाच्या संस्थेनं त्याला गिटार घेऊन द्यायची ठरवली. न्यूयॉर्कच्या दुकानात भारी, नक्षीदार गिटारी टांगलेल्या होत्या. त्यानं गिल्ड कंपनीची एक साधी, मध्यम आकाराची निवडली. मला हा प्रसंग न्यूपोर्टपेक्षाही आवडतो. ज्याचा अंगठा जागेवर असतो त्याला नक्षी लागत नाही.

अखेर तो मिसिसिपीलाच परतला आणि २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनेडात गेला. अ‍ॅव्हलॉनजवळ रानातल्या कब्रस्तानात त्याला पुरलं.

आता कागदाची गोष्ट, कारण ती आपल्या कामाची आहे. शोधून काढल्यावर काही दिवसांतच त्याच्याकडून एका करारावर सही घेतली गेली. शोधणाऱ्यांनीच काढलेली एक कंपनी होती आणि त्याच्या गाण्याचे सगळे हक्क तिच्याकडे. शाळा अर्धवट सुटलेला सत्तर वर्षांचा शेतमजूर, समोर शहरातले शिकलेले तरुण. ते दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांना गाण्याचं खरंखुरं वेड होतं, नाहीतर १८७८ चा नकाशा कोण उघडतो? पण वेड खरं आणि करार वाकडा, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून होऊ शकतं. हर्ट गेल्यावर ही कंपनी आणि ती मोठी रेकॉर्ड कंपनी यांच्यात कोर्टकज्जे झाले, सत्तरच्या दशकापर्यंत चालले. गाणाऱ्याची पोरंबाळं मिसिसिपीत, आणि गाण्याचा वाद न्यूयॉर्कच्या कोर्टात.

त्याचं तीन खोल्यांचं लाकडी घर पुढं त्याच्या नातीनं वाचवलं, हलवलं, त्यात छोटं संग्रहालय केलं. दरवर्षी लोक जमून अंगणात वाजवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते घर जळून खाक झालं. बातमी वाचली तेव्हा मी सकाळचा चहा घेत होतो, तो तसाच राहिला. कधी न पाहिलेल्या घरासाठी हळहळायचं म्हणजे अतिच, असं घरचे म्हणाले.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हॉस्किन्स गेला नसता तर ही तीन वर्षंही मिळाली नसती. मान्य. शंभर टक्के मान्य. म्हणूनच तर हे पत्र तुम्हाला आहे, कंपन्यांना नाही. जायला तर हवंच. गेल्यावर कसं वागायचं, ही पुढची गोष्ट.

पत्ता मिळत नाही, ही सबब आपल्याला तरी शोभत नाही. त्याच १९६३ मध्ये जॉन फाही नावाच्या एका विद्यार्थ्यानं बुका व्हाइट या दुसऱ्या गाणाऱ्याला शोधलं ते चक्क पत्र टाकून. व्हाइटनं १९४० मध्ये अ‍ॅबरडीन, मिसिसिपी या गावावर गाणं म्हटलं होतं. फाहीनं पाकिटावर त्याचं नाव लिहिलं, कंसात 'जुना ब्लूज गायक' असं लिहिलं, आणि पत्ता दिला: पोस्ट मास्तरांच्या हवाली, अ‍ॅबरडीन. पत्र फिरत फिरत मेम्फिसला त्याच्या हातात पडलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर माणसं नाव-गाव ओरडून सांगायची. १९०२ मध्ये कलकत्त्याला पहिली मोठी ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा गाणं संपताना गायकानं आपलं नाव पुकारायचं अशी पद्धत होती. मूळ छाप जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचे आणि तिथल्या कामगारांना कुणाचं काय ते कळायला हवं, म्हणून. गौहर जाननं इंग्रजीत ठणकावून सांगितलेलं नाव आपण बैठकीत दहादा ऐकवतो आणि हसतो. पुढं पुकारणं बंद झालं, पण तमाशावाल्यांनी पत्ता आडनावातच ठेवला. इंदुरीकर, नारायणगावकर, सातारकर, खेडकर. फडावरचं आडनाव म्हणजे गावाची पाटीच. मुंबईच्या यंग इंडियासारख्या कंपन्यांनी तर कितीतरी अनोळखी, हौशी गळे लाखेवर उतरवले. लेबलावर '...कर आणि पार्टी' असं छापलेलं असतं. आपण 'आणि पार्टी' वाचतो, 'कर' वाचत नाही.

माझी कबुली आता देतो. १९९८ मध्ये मी जुन्या बाजारातून अशीच एक रेकॉर्ड चाळीस रुपयांना घेतली. पन्नाशीच्या दशकातली. एका बाईंची लावणी, मागं ढोलकी आणि तुणतुणं, तुणतुण्याची तार किंचित उतरलेली. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते नको आहे. आडनावात सातारा जिल्ह्यातलं एक गाव सरळ सरळ होतं. स्वारगेटहून एस.टी.नं तीन-साडेतीन तास. ही रेकॉर्ड माझ्याकडे अकरा वर्षं होती. मी ती धुतली, नवं पाकीट शिवलं, बैठकीत तीनदा वाजवली, वाहवा घेतली. २००९ मध्ये पुतणीच्या लग्नाला त्या बाजूला गेलो होतो, म्हणून वाट वाकडी करून त्या गावात उतरलो. चौकात पानटपरीवर नाव घेतलं. तो लगेच म्हणाला, मारुतीच्या मागची बोळ, निळं दार. तिसरी टपालपेटी!

बाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या होत्या.

भाच्याचा संसार होता तिथं. सुनेनं चहा दिला. फोटो एकच होता, रेशनकार्डावरचा. त्यांनी कधी रेकॉर्ड दिली होती हे घरात पोरांना नुसतं ऐकून माहीत, ऐकलं कुणीच नव्हतं. कारण फोनो कधी नव्हताच. मी सीडीवर उतरवून नेलं होतं. शेजारच्या दुकानातून सीडीवाला डबा मागवला. गाणं सुरू झालं तशी शेजारची एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "ह्यो तिचा आवाज न्हाई. ही कोण पोर हाय?" तिनं चाळीस वर्षं जो आवाज ऐकला होता तो पाण्याच्या हंड्यासाठी भांडणारा, दम्यानं फुटलेला. हा बावीस वर्षांचा होता. भाचा काही बोलला नाही. निघताना त्यानं विजेचं बिल दाखवलं, नाव बदलायचं राहिलंय, तुमची कुणाची ओळख आहे का म्हणून. बिलावर ठळक अक्षरांत तेच नाव, तेच आडनाव, खाली घर नंबर आणि गाव. अकरा वर्षं मी ज्याला 'माहिती उपलब्ध नाही' म्हणत होतो ते वीजवाले प्रत्येक बिलावर छापत होते.

यानंतर मी काय मागणार ते तुमच्या ध्यानात आलं असेल. आपल्या याद्यांमध्ये लेबल, नंबर, वेग, अवस्था असे रकाने असतात. १९९० मध्ये मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी उभी राहिली, तेव्हापासून या बाबतीत मोठं काम झालंय आणि त्याबद्दल मला आदरच आहे. त्यात आता 'गाव' असा एक रकाना घाला. त्याच्या पुढं आणखी एक: कोण जाऊन आलं, कधी. तो रकाना भरला नाही तर रिकामाच दिसू दे. रिकामी जागा डोळ्यांना टोचते, हा तिचा फायदा.

पन्नास-साठच्या दशकातल्या रेकॉर्डींवर आधी तुटून पडा. १९०५ च्या बाई भेटणार नाहीत, हे उघड आहे, पण १९५८ ला विशीत असलेली मुलगी आज कुठल्या तरी पडवीत तांदूळ निवडत बसलेली असू शकते. आपण मात्र जितकी रेकॉर्ड जुनी तितका जीव टाकतो. बाजारभावाच्या दृष्टीनं बरोबर असेल; माणसाच्या दृष्टीनं हे अगदी उलटं आहे.

दारात गेल्यावर पहिल्या दिवशी फक्त ऐकवा. त्यांचंच गाणं त्यांना. प्रत द्या, ती त्यांच्या घरात वाजेल अशी द्या. पेनड्राइव्ह देऊन येऊ नका, तो कशात घालायचा हे कुणी सांगायचं? कागद, सही, मुलाखत, कॅमेरा पहिल्या दिवशी बॅगेतून बाहेर काढू नका. आपण शहरातून आलेलो असतो, स्वच्छ कपड्यांत, गाडीतून. समोरचा 'हो' म्हणाला तर ते गाण्याला हो आहे की आपल्या गाडीला, हे जरा तपासून घ्या. आणि इंटरनेटवर टाकून त्यावर जे चार पैसे येतात त्यांचं काय करायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. आपल्यातल्या काहींना हे वाक्य आवडणार नाही. माझ्याही खात्यात असे पैसे आलेले आहेत. साताऱ्याच्या त्या घरी मी ते उशिरा पोचवले, तेही विचारून नव्हे, लाजून.

एक छोटी विनंती भाषेची. लेख लिहाल तेव्हा 'मी शोधून काढलं' असं लिहू नका. पानटपरीवाल्याला माहीत होतं.

सध्या माझ्या टेबलावर एक रेकॉर्ड आहे. दोन्ही बाजूंना गवळण, आवाज एका पुरुषाचा, साथीला झांज फार सुंदर आहे, इतकी की गाणं सोडून झांजच ऐकावीशी वाटते. लेबलाचा एक कोपरा उंदरानं खाल्लाय, पण आडनाव शाबूत आहे. गाव सांगली जिल्ह्यातलं. मी तिथल्या पोस्ट मास्तरांच्या नावे पत्र टाकलं होतं, नाव लिहून, कंसात 'जुने गवळण गाणारे' असं लिहून. बावीस दिवसांनी पोस्टकार्ड आलं. बारीक, थरथरत्या अक्षरात एकच ओळ: झांज मी वाजवत होतो, गाणारे माझे थोरले बंधू, ते नाहीत, मी आहे, रविवारी घरी असतो.

येत्या रविवारी सकाळी सहाला पुण्याहून निघतोय. गाडीत दोन जागा आहेत.

आपला,
रेकॉर्डींच्या ढिगातला एक
पुणे

ता.क. फोनो मी घेतोय, चावीचा, जड आहे तरी. सुया जादा ठेवा कुणीतरी. आणि माझ्याकडे झांज नाही. कुणाकडे असेल तर आणा.